रस्त्याला एकूण वजन कळत नाही : ट्रकच्या वजन-मापाच्या मर्यादांबद्दल

मंडळी, ट्रकला किती टनांपर्यंत परवानगी असावी, यावर वाद घालायला बसलो की आपण चाळीस, पन्नास, पंचावन्न असे एकूण वजनाचे आकडे एकमेकांवर फेकतो. रस्त्याला मात्र हे एकूण वजन कधी कळतच नाही. डांबराच्या एखाद्या चौरस फुटाच्या वाट्याला एका वेळी एकच ॲक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा एक आडवा आस, येतो. तो दाबून पुढे जातो, मग पुढचा येतो. वरून गेलेली गाडी वीस टनांची होती की साठ, हे त्या जागेला समजायला मार्ग नाही. तिथे किती वेळा दाब पडला आणि प्रत्येक वेळी किती पडला, एवढाच तिचा हिशेब. पुलाचं गणित याहून वेगळं, आणि गाडीमालकाचं या दोघांहून वेगळं. वजनमर्यादेचा कायदा या तिघांशी एकाच वेळी बोलायचा प्रयत्न करतो. त्यातून काय काय गंमती होतात, ते आज बघायचं आहे.

सुरुवात रस्त्यापासूनच करू, कारण तिथे आपल्या हातात मोजलेली माहिती आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा या गावाजवळ एक प्रचंड प्रयोग झाला. तिथे खास बांधलेल्या सहा वर्तुळी मार्गिका होत्या. काही भाग डांबराचा, काही काँक्रीटचा, आणि थरांची जाडी मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली. यातल्या एका मार्गिकेवर गाड्या सोडल्याच नाहीत. नुसत्या हवामानाने रस्ता किती खराब होतो हे कळावं, हा त्यामागचा हेतू. उरलेल्या मार्गिकांच्या प्रत्येक लेनला एकच ठरावीक ॲक्सलभार नेमून दिला होता. सर्वांत हलका टनाच्याही आतला, आणि सर्वांत जड जोडॅक्सल, म्हणजे जवळजवळ बसवलेल्या दोन ॲक्सलांची जोडी, जवळजवळ २२ टनांचा. सैन्याचे ड्रायव्हर दोन वर्षं त्याच त्या मार्गावर घिरट्या घालत होते. प्रयोग संपला तेव्हा ॲक्सलच्या फेऱ्यांची मोजदाद अकरा लाखांच्या वर गेली होती. पुढे त्याच पट्ट्यातून इंटरस्टेट ८० हा महामार्ग गेला.

या प्रयोगातला मला सर्वांत आवडलेला भाग सांगतो. ‘रस्ता खराब झाला’ हे ठरवायचं कसं, हा प्रश्न होताच. तेव्हा त्यांनी माणसांची एक तुकडी गाडीत बसवली आणि तिला रस्त्याला शून्य ते पाच गुण द्यायला लावले. मग ते गुण आणि प्रत्यक्ष मोजलेले चढउतार, भेगा, डागडुजीचे तुकडे यांचा मेळ घातला. म्हणजे आज जगभर वापरात असलेल्या रस्त्याच्या गणिताच्या मुळाशी गाडीत बसलेल्या माणसांची ‘बरा आहे’, ‘वाईट आहे’ ही भावना आहे. यात मला काही गैर वाटत नाही. शेवटी रस्ता चालणाऱ्यासाठीच असतो.

त्या माहितीतून एक ढोबळ नियम निघाला. रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. एक टनाचा ॲक्सल आणि दहा टनांचा ॲक्सल शेजारी ठेवले तर झिजेतला फरक दहा हजार पट. त्यामुळे रस्त्याच्या थरांची जाडी ठरवताना अभियंते मोटारगाड्या मोजतच नाहीत. मोटारींमुळे रस्त्याची रुंदी ठरते, जाडी ट्रकमुळे.

असं का होतं? चाक वरून जातं तेव्हा डांबराचा थर किंचित वाकतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. हे लाखो वेळा झालं की तळाशी बारीक भेग पडते आणि वरपर्यंत येते. भेगेतून पाणी आत उतरलं की खालची खडी आणि माती मऊ पडते, आणि पुढच्या प्रत्येक चाकाला थर आणखी वाकतो. दुसरीकडे खालची माती हळूहळू दबत जाते आणि चाकांच्या वाटेवर लांबलचक चाकोऱ्या पडतात. ‘चौथा घात’ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. चाकोऱ्यांच्या बाबतीत तो कमी भरतो, काँक्रीटच्या पातळ थराच्या बाबतीत बराच जास्त. पण भार थोडा वाढला की झीज पुष्कळ वाढते, यावर कोणाचा वाद नाही.

आता ओव्हरलोडकडे या नियमाने बघा. दहा टनांची मर्यादा असलेल्या ॲक्सलवर कोणी बारा टन टाकले. भार वीस टक्क्यांनी वाढला. मालकाचं भाडं फार तर त्याच प्रमाणात वाढलं. रस्त्याची झीज मात्र दुपटीहून जास्त झाली. पंधरा टन टाकले तर पाचपट. भाड्यातला फायदा मालकाच्या खिशात, आणि झिजेचा खर्च त्या रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांच्या माथी.

इथवर ऐकून मोठा ट्रक हाच खलनायक, असं वाटेल. जरा थांबा, एक हिशेब करू. आठ टनांचा ॲक्सल हे माप धरू आणि त्याच्या एका फेरीने होणारी झीज म्हणजे ‘एक’. दोन ॲक्सलचा एक ट्रक घ्या. पुढे सहा टन, मागे दहा टन, एकूण सोळा. रिकामी गाडी सहा टनांची, म्हणजे माल दहा टन. चौथ्या घाताने याची झीज भरते सुमारे २.७६. आता सहा ॲक्सलचा ट्रेलर घ्या, एकूण ४४ टन. पुढच्या ॲक्सलवर साडेसहा टन, बाकी पाचांवर साडेसात-साडेसात. रिकामी गाडी सोळा टनांची, माल २८ टन. याची झीज ४.३ च्या आसपास.

एका खेपेचं बघाल तर मोठी गाडी जास्त नुकसान करते, हे खरंच. पण माल काही एका खेपेत संपत नाही. २८० टन माल हलवायचा आहे असं धरा. लहान ट्रकच्या २८ खेपा, झीज ७७. मोठ्या ट्रेलरच्या दहा खेपा, झीज ४३. ज्या गाडीला बघून आपण ‘ही रस्ता फोडणार’ म्हणतो, ती तेवढाच माल जवळजवळ निम्म्या झिजेत पोचवते. दिमाखात पळणारा दोन ॲक्सलचा ट्रक जास्त महागात पडतो, कारण त्याच्या मागच्या ॲक्सलवर दहा टन आहेत. म्हणून वजनमर्यादेच्या चर्चेत कोणी नुसता एकूण टनांचा आकडा मांडला की मी आधी विचारतो, ॲक्सल किती?

हिशेब मुद्दाम सोपा ठेवला आहे. प्रत्यक्षात पुढच्या ॲक्सलला दोनच टायर असतात, त्यामुळे तोच भार तिथे लहान जागेवर पडतो आणि जास्त टोचतो. मागच्या दुहेरी टायरांच्या जागी एकच रुंद टायर लावला तरी फरक पडतो. सस्पेन्शनचाही वाटा आहे. पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवर गाडी उसळली की क्षणभर भार वाढतो, हवेच्या सस्पेन्शनवर कमी उसळते. युरोपीय संघाच्या नियमांत दुहेरी टायर आणि हवेचं किंवा त्या तोडीचं सस्पेन्शन असलेल्या चालक (इंजिन ज्याची चाकं फिरवतं त्या) जोडॅक्सलला १८ ऐवजी १९ टनांची मुभा आहे, ती यासाठीच. आणि उचलता येणारा ॲक्सल हा तर स्वतंत्र विषय आहे. गाडी रिकामी असताना टायर वाचावेत म्हणून तो वर घेतात, ते योग्यच. पण भरल्या गाडीतही वळताना टायर घासतात म्हणून कोणी तो वर घेतला, तर कागदावर सहा ॲक्सलची असलेली गाडी रस्त्यासाठी पाच ॲक्सलची होते.

ऋतूचंही तसंच. थंड प्रदेशात हिवाळ्यात रस्त्याखालची माती गोठून दगडासारखी होते. वसंतात वरचा बर्फ वितळतो, खालचा अजून गोठलेलाच असतो, त्यामुळे पाणी मधल्या थरात अडकून बसतं. या काही आठवड्यांत रस्ता सर्वांत दुबळा असतो. ओटावाच्या प्रयोगातही डांबरी तुकड्यांचे बरेचसे बळी वसंतातच गेले. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य या काळात अनेक रस्त्यांवर ॲक्सलमर्यादा खाली आणतं आणि कडाक्याच्या थंडीत थोडं जादा वजन चालू देतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. रस्त्याची ताकद बारा महिने सारखी नसते, तर कायद्यातला आकडा बारा महिने सारखा कशाला?

आता पुलाकडे वळू. रस्त्यावर जो उपाय चालला, तो पुलावर चालेलच असं नाही. भार जास्त ॲक्सलवर वाटला की डांबर खूश. पण पुलाच्या गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, पूर्ण गाडी एकाच वेळी उभी असते, आणि तो भाग पेलणारा आडवा गर्डर वाकतो तो सगळ्या भाराच्या एकत्र परिणामाने. तिथे ॲक्सल किती यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमध्ये अंतर किती, हे महत्त्वाचं ठरतं. तेच चाळीस टन आठ मीटरांत कोंबले तर गाळ्याच्या मध्यावर भयंकर ताण, सोळा मीटरांत पसरले तर बराच कमी.

अमेरिकेने हे कायद्यातच बसवलं. १९५६ साली महामार्गांचं मोठं जाळं उभारायला घेतलं तेव्हा एकूण मर्यादा ७३,२८० पौंड होती. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर ती ८०,००० पौंडांवर, म्हणजे सुमारे ३६.३ टनांवर नेली. पण सोबत एक अट आली. कोणत्याही सलग ॲक्सलगटाचं कमाल वजन त्या ॲक्सलांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर या दोन्हींवर ठरेल. यालाच पुलाचं सूत्र म्हणतात. पाच ॲक्सलच्या गाडीला पूर्ण ८०,००० पौंड भरायचे असतील तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमध्ये किमान ५१ फूट हवेत. तिथल्या काही सपाट ट्रेलरचे मागचे दोन ॲक्सल एकमेकांपासून चांगले दहा फूट लांब बसवलेले दिसतात, त्याचं कारण हेच. जवळ असते तर दोघांना मिळून ३४,००० पौंड मिळाले असते, लांब गेल्यावर ४०,००० मिळतात. वळताना टायर फरफटतात, तरी मालकाला परवडतं.

याच अमेरिकेत मिशिगन राज्य जुन्या सवलतीच्या आधारे अकरा ॲक्सलच्या गाडीला १,६४,००० पौंड, म्हणजे ७४ टनांहून जास्त, नेऊ देतं. ॲक्सल इतके की प्रत्येकावरचा भार फार नाही, डांबराची तक्रार नसावी. पुलाचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच. पोलादी पुलात आणखी एक भानगड असते, थकव्याची. प्रत्येक जड गाडीगणिक जोडांमध्ये ताण येतो आणि जातो, आणि जोडाचं आयुष्य त्या ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने घटतं. रस्त्याचा थर खराब झाला तर वरून नवा घालता येतो. पुलाचा गाळा तसा बदलता येत नाही. म्हणून मर्यादा वाढवण्याच्या प्रस्तावात खर्चाची बाजू मांडताना मी पुलांचा रकाना आधी उघडून बघतो. बहुतेक वेळा खरा आकडा तिथे असतो, आणि प्रस्ताव मांडणाऱ्यांनी तो बारीक अक्षरांत लिहिलेला असतो.

आता मापं. वजनावर इतकं बोलतो आपण, पण बऱ्याच गाड्या वजनाने भरतच नाहीत, जागेने भरतात. पोलाद, सिमेंट, पाणी नेणारी गाडी अर्धा हौदा रिकामा असतानाच वजनाच्या मर्यादेला टेकते. थर्माकोल, पार्सलं, फर्निचर नेणारी गाडी छतापर्यंत भरते तरी वजनाला निम्मीच. पहिल्या मालकाला टन वाढवून हवेत, दुसऱ्याला मीटर. दोघे एकाच संघटनेत असतात आणि एकाच निवेदनावर सही करतात, हा भाग वेगळा.

कायद्यातला एखादा सेंटिमीटर गाडीचं रूप कसं घडवतो, याचे फार सुंदर नमुने आहेत. युरोपात गाडीची रुंदी २.५५ मीटर, पण शीतगाडीला २.६० मीटर. ते पाच सेंटिमीटर भिंतीतल्या उष्णतारोधक थरासाठी. आतली मोकळी जागा महत्त्वाची, कारण तिथला प्रचलित पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, १.२ मीटर लांबीचा आणि असे दोन शेजारी बसले पाहिजेत. जहाजाच्या प्रमाणित कंटेनरची बाहेरची रुंदीच २.४४ मीटर, आत त्याहून कमी, म्हणजे हे दोन पॅलेट त्यात शेजारी मावत नाहीत. जगभरचा माल वाहणारा डबा आणि युरोपभरचा माल ठेवणारा पॅलेट एकमेकांशी जुळत नाहीत, आणि याचा भुर्दंड गेली कित्येक दशकं चालू आहे.

किंवा ट्रकचं नाक घ्या. युरोपात पुढच्या गाडीवर टेकणाऱ्या नेहमीच्या ट्रेलरसह पूर्ण लांबी २०२० पर्यंत १६.५ मीटरांपलीकडे जाऊ शकत नव्हती. मग केबिनला दिलेला प्रत्येक सेंटिमीटर मालाच्या जागेतून जायचा. म्हणून तिथला ट्रक चपट्या तोंडाचा, ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर बसलेला. अमेरिकेतही पूर्वी असे चपटे ट्रक भरपूर होते. १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय जाळ्यावर पूर्ण लांबीची मर्यादा काढून टाकली आणि फक्त ट्रेलरची लांबी मोजायचं ठरलं. मग नाक लांब असलं काय, आखूड असलं काय, मालाची जागा तेवढीच. काही वर्षांत चपटे ट्रक तिथून जवळजवळ नाहीसे झाले. कोणा रचनाकाराच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. लांबी कुठून कुठे मोजायची, एवढंच बदललं.

गाडी लांब झाली की वळणावर मागची चाकं आत ओढली जातात आणि कोपऱ्यावरचा पदपथ खातात. युरोपीय नियमांत म्हणून वळणाची कसोटीच दिली आहे. बाहेरची त्रिज्या १२.५ मीटर आणि आतली ५.३ मीटर, या दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात गाडी फिरली पाहिजे.

सुरक्षिततेवर थोडंच बोलतो, कारण इथे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचे आकडे घेऊन येतात. तेवढाच माल कमी खेपांत गेला तर अपघाताच्या शक्यता कमी होतात, हे एका बाजूचं म्हणणं. जड गाडी धडकली तर परिणाम भीषण, हे दुसऱ्या बाजूचं. दोन्ही खरी आहेत. माझ्या मते अधिक कामाचा मुद्दा जोडणीचा आहे. एकामागे दोन ट्रेलर ओढताना पुढच्याने झटकन लेन बदलली की मागचा त्याहून जास्त झोका घेतो. दोन ट्रेलर साध्या दांड्याने जोडले तर मध्ये एक सांधा वाढतो आणि झोकाही वाढतो. मागच्या ट्रेलरचं तोंड पुढच्या ट्रेलरच्या शेपटावरच बसवलं तर एक सांधा कमी होतो आणि गाडी खूप शांत चालते. कॅनडाच्या प्रांतांनी ऐंशीच्या दशकात अभ्यास करून १९८८ मध्ये आपसात समझोता केला. त्यात या दुसऱ्या प्रकारच्या आठ ॲक्सलच्या गाडीला सर्वाधिक, साडेबासष्ट टनांची, मुभा दिली. चांगल्या गाडीला जास्त माल, इतकं साधं. वाहतूकदारांनी कोणी न सांगता तीच गाडी घेतली. ऑस्ट्रेलिया आणखी पुढे गेलं. तिथे एका योजनेत मापं ठरवण्याऐवजी कसोट्या लावतात. शेपूट किती झोका घेतं, चढावर गाडी सुटते का, कलंडायला किती जोर लागतो. या कसोट्या पार केल्या तर गाडीला नेहमीच्या मापांतून सूट, मात्र तिला झेपतील अशा ठरलेल्या मार्गांवर.

मालकाच्या गणिताकडे येऊ. ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता, विमा, टोल हे सगळं खेपेमागे असतं, टनामागे नाही. डिझेलसुद्धा मालाच्या प्रमाणात वाढत नाही, कारण बरंच इंधन रिकामी गाडी ओढण्यात आणि हवा कापण्यात जातं. त्यामुळे मर्यादा दहा टक्क्यांनी वाढली तर खर्च फार कमी वाढतो आणि टनामागचा दर खाली येतो. हा फायदा मालकाकडे राहील असं वाटतं खरं, पण स्पर्धा असेल तर वर्षा-दोन वर्षांत तो माल पाठवणाऱ्याकडे सरकतो. मर्यादावाढीसाठी सर्वांत मोठा आवाज नेहमी वाहतूकदारांचाच असतो असं समजू नका. त्यांच्यामागे कारखानदार उभे असतात.

मर्यादा एकदम बदलली की काय होतं, याचा नमुना भारतात २०१८ मध्ये दिसला. त्या जुलैमध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, जोडॅक्सलची १९ वरून २१, आणि ट्रेलर जोडलेल्या सर्वांत जड गाडीची ४९ वरून ५५ टन. चौथ्या घाताने बघितलं तर पूर्ण भरलेल्या एकेरी ॲक्सलची झीज साठ टक्क्यांनी वाढते. अर्थात, जी गाडी आधीच तेरा टन टाकून पळत होती तिच्या बाबतीत फक्त गुन्हा कायदेशीर झाला, रस्त्यावर काहीच बदललं नाही. पण बाजारावर परिणाम झाला. रस्त्यावर असलेल्या गाड्यांची क्षमता कागदाच्या एका फटक्यात वाढली, म्हणजे तेवढ्या नव्या गाड्यांची गरज उरली नाही. पुढच्या वर्षी ट्रकविक्री गडगडली, त्याच्या कारणांत हेही एक होतं. एका आकड्याने रस्त्यावर, पुलावर आणि ट्रकच्या कारखान्यातही उलथापालथ होते.

आणि रेल्वेत. कोळसा, धान्य, कंटेनर असा जड आणि लांब पल्ल्याचा माल रस्ता आणि रूळ यांच्या सीमेवर असतो. ट्रकचा टनामागचा दर थोडा उतरला की त्यातला काही माल रुळावरून रस्त्यावर येतो. मग ‘खेपा कमी होतील’ हे आश्वासन अंशतः खोटं ठरतं. रेल्वेवाल्यांची तक्रार अशी की आम्ही आमचे रूळ आमच्या पैशाने दुरुस्त करतो, ट्रकचे ‘रूळ’, म्हणजे रस्ते, लोकांच्या करातून होतात. ही तक्रार स्वार्थी आहे, पण चुकीची नाही.

या तक्रारीला सर्वांत नीट उत्तर दिलं स्वित्झर्लंडने, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. तिथे २००० सालापर्यंत कमाल मर्यादा २८ टन होती. शेजारी युरोपीय संघात ४०. आल्प्स ओलांडणारे ट्रक देशाला वळसा घालून जायचे आणि शेजारी देश भडकायचे. दुसरीकडे स्विस मतदारांनी १९९४ मध्ये सार्वमतातून आल्प्सचं संरक्षण संविधानात घातलं होतं. मर्यादा वाढवावी तर लोक चिडणार, न वाढवावी तर शेजारी. त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. १ जानेवारी २००१ पासून मर्यादा ३४ टन झाली आणि त्याच दिवसापासून जड गाड्यांवर प्रत्येक किलोमीटरमागे, टनामागे आणि धुराच्या दर्जानुसार शुल्क सुरू झालं. २००५ मध्ये मर्यादा ४० टन झाली, शुल्कही वाढलं. पैशाचा मोठा भाग आल्प्सखालच्या रेल्वे बोगद्यांकडे वळवला. त्यातला ५७ किलोमीटरांचा गोटहार्ड २०१६ मध्ये सुरू झाला.

यातली खुबी बघा. शुल्क गाडीच्या परवानगीच्या वजनावर आहे, प्रत्यक्ष भरलेल्या मालावर नाही. गाडी रिकामी पळवली तरी तेवढेच पैसे. त्यामुळे परतीच्या खेपेला माल शोधणं हा मालकाचा नफ्याचा भाग झाला. एक उणीव मात्र मला दिसते. टनावर शुल्क लावताना ॲक्सल किती हे विचारलं जात नाही. त्या बाबतीत न्यूझीलंडचं बरोबर आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून किलोमीटरमागे शुल्क आहे, आणि त्याच वजनाच्या गाडीला ॲक्सल जास्त असतील तर दर कमी. मघाचा ७७ आणि ४३ चा हिशेब तिथे थेट मालकाच्या पावतीवर उमटतो. त्याला चौथा घात शिकवावा लागत नाही.

तपासणीबद्दल एवढंच सांगतो की वजनकाट्यावर गाडी थांबवून मोजणं हा उपाय दमलेला आहे. रांग लागते, आणि बातमी पसरली की ओव्हरलोड गाड्या दुसऱ्या रस्त्याने जातात. तो दुसरा रस्ता बहुधा अधिक दुबळा असतो. रस्त्यात पुरलेल्या संवेदकांवरून चालत्या गाडीचा प्रत्येक ॲक्सल मोजता येतो, ते वाढतं आहे. पण दंड कोणाला, हा प्रश्न यंत्रापेक्षा महत्त्वाचा. ड्रायव्हरने माल भरलेला नसतो. पुष्कळदा काय आणि कसं भरलं, हे त्याने पाहिलेलंही नसतं. ऑस्ट्रेलियात माल पाठवणारा, भरणारा, गाडी नेमणारा असे सगळे जबाबदारीच्या साखळीत येतात, हे न्याय्य आहे. शिवाय एकूण वजन मर्यादेत असूनही एखादा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो. मागच्या ॲक्सलच्याही मागे ठेवलेला माल आधी उतरवला तर गाडीचं वजन कमी होतं, पण पुढच्या ॲक्सलवरचा भार वाढतो. सकाळी कायद्यात असलेला ट्रक दुपारी, माल कमी होऊनही, गुन्हेगार ठरतो.

शेवटचा मुद्दा बॅटरीचा, कारण आता वाद तिथे पेटला आहे. विजेवरच्या ट्रकमध्ये बॅटरीचंच वजन काही टन असतं, आणि ते मालातून वजा होतं. म्हणून अमेरिकेने अशा गाड्यांना २,००० पौंडांची सूट दिली, युरोपीय संघाने दोन टनांची. एकूण वजनात सूट दिली तरी गाडीवर अडचण येते ती चालक ॲक्सलवर, कारण बॅटऱ्या ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागातच बसवाव्या लागतात. युरोपात या ॲक्सलची मर्यादा ११.५ टन आहे. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने प्रस्ताव मांडला की धूर न सोडणाऱ्या गाड्यांसाठी ती १२.५ टन करावी. ऐकायला एकच टन आहे. ११.५ च्या जागी १२.५ घालून चौथा घात काढा, झीज चाळीस टक्क्यांनी वाढते, आणि तीही त्याच ॲक्सलखाली जो आजच सर्वांत जड आहे. मी विजेच्या ट्रकच्या बाजूचा आहे. पण ही सूट द्यायची तर तिसरा ॲक्सल बसवणाऱ्या गाडीलाच द्यावी, आणि ॲक्सलचा आकडा आहे तिथेच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी उत्पादक म्हणतील, ॲक्सल वाढवला की वजन आणि किंमत वाढते. वाढते, बरोबर आहे. न वाढवला तर तीच किंमत रस्त्याच्या दुरुस्तीच्या खात्यात जाते, आणि ते खातं उत्पादकांच्या हिशेबात नसतं.